पळसाला कळ्या आल्या, शब्बीरभाई

शब्बीरभाई, तुम्ही असता तर हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नसती. आता तुम्ही नाही, म्हणून सांगते आहे. यातही माझा स्वार्थच म्हणा.

तुमचं वय किती, मागे कोण कोण राहिलं, असं सगळं नीट लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि कागद फाडला. सोनाळ्याच्या बाजारात जडीबुटीचं दुकान चालवणारा माणूस गेला, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. ज्यांच्या लेकरांना जंत झाले त्यांना तुम्ही पळसपापडी दिली, ज्या बाळंतिणींची कंबर धरली त्यांना पळसाचा डिंक दिला. त्यांनी तुम्हाला दुवा दिला, संपलं. मी तुम्हाला ओळखत होते ते एका वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण आपण दोघांनी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आता ते सांभाळायला मी एकटीच उरले. मी! जिच्या पोटात मुगाची डाळ शिजत नाही असं आमचे हे लग्नापासून म्हणत आले, ती!

तुम्ही गेलात त्या दिवशी मी भाबीजवळ बसले होते. जनाजा उचलला, पुरुष निघाले, बाया घरात राहिल्या, मीही राहिले. तुम्हाला मूठभर माती देता आली नाही याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. भाबी रडून रडून थकल्या आणि मधेच डोळे पुसून म्हणाल्या, "बाई, दाराआड थो बांबू हाये ना, त्याचं काय करू? येता-जाता पायात येते." मी पाहिलं. तोच बांबू, टोकाला सायकलच्या ट्यूबने विळा बांधलेला. मी म्हटलं, "राहू द्या भाबी, मी नेईन." भाबींनी मला विचारलं नाही की बाई, तुम्हाला विळा बांधलेल्या बांबूचं काय काम. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

आपली ओळख शाळेतली. दर फाल्गुनात तुम्ही पळसाच्या फुलांचं पोतं आणून टाकायचा, मी पाचवीच्या वर्गाला घेऊन अंगणात चूल मांडायची, फुलं उकळायची. पाणी केशरी झालं की पोरं नुसती नाचायची. तुम्ही चहा घेऊन पायरीवर बसायचा आणि मी काय शिकवते ते ऐकायचा. एकदा मी सांगत होते की पळस, पांगारा, डोंगरात झाडांवर चढणारी पळसवेल, ही सगळी एकाच कुळातली, आणि आपल्या वावरातली तूर नि हरभराही त्यातच. तुम्ही कप खाली ठेवला. "हरभरा? थो पळसाचा कोन लागते मंग?" मी म्हटलं, फूल पाहा, शेंग पाहा. तुम्ही गेलात आणि तिसऱ्या दिवशी मुद्दाम शाळेत येऊन नाती लावून दिलीत. "बाई, पळसवेल सख्खी बहीन. पांगारा चुलतभाऊ. तूर मामेबहीन. अन् हरभरा जवाई."

"जवाई काऊन?"

"वर्षातून एकदाच येते, अन् सगळं घर त्याच्यासाठी राबते."

मी खडू टाकून हसले होते. पुढे कित्येक वर्षं मी हेच वर्गात शिकवलं, तुमचं नाव घेऊन. शिक्षणखात्याने काय शिकवायचं ते ठरवावं, पण हे पोरांच्या जन्मभर लक्षात राहिलं.

मग ते वर्ष आलं. पोत्यात हात घातला आणि हातात पांढरं फूल आलं. अगदी पांढरंशुभ्र नाही, सायीसारखं. पाच-पन्नास केशरी फुलांत ते एकटंच. तुम्ही पायरीवरून उठून आलात आणि ते माझ्या हातातून घ्यायला लागलात. "सडलेलं आहे थे, फेकून द्या."

"शब्बीरभाई, वीस वर्षं झाली मी लेकरांचं खोटं पकडून राह्यले. मले सांगता?"

तुम्ही हात मागे घेतला नाहीत. मीही फूल सोडलं नाही. आठ दिवस मी तुमच्या दुकानाच्या चकरा मारल्या. शेवटी तुम्ही कंटाळून म्हणालात, "चला. पन शपथ घ्या." मी देवाची शपथ घ्यायला लागले तर तुम्ही हात आडवा केला. "देवाची नका घेऊ बाई. शाळेची घ्या." मी घेतली.

नाल्याच्या काठी ते झाड होतं, आडवंतिडवं, चारचौघांसारखं. तुम्ही मला सांगितलं की पांढऱ्या पळसाखाली गुप्तधन असतं असं लोक धरून चालतात, आणि झाड सापडलं की आधी साल नेतात, मग मुळ्या, मग खालची माती. तुमच्या वडिलांनी असे दोन पळस मरताना पाहिले होते. म्हणून तुमच्या घराण्यात ही रीत पडली. माघात कळ्या बारीक असतात, काळपट, मखमली. तेव्हा फोडून पाहिलं तर लाल काय नि पांढरा काय, आत सगळ्यांचं हिरवटच. तेवढ्यात विळ्याने सगळ्या कळ्या पाडायच्या, म्हणजे फाल्गुनात झाड नुसतं काड्यांसारखं उभं राहतं आणि कुणाला कळत नाही हा कोणता पळस आहे. त्या वर्षी एक डहाळी तुमच्याकडून राहून गेली होती. तिचंच ते फूल, घाईत तोडून पोत्यात टाकलेलं.

फाल्गुन संपायच्या आत मी शपथ मोडली. मोडताना आठवलीही नाही, हेच तर माझं दुखणं आहे. मला एखादी गोष्ट कळली की वर्गात सांगेपर्यंत ती मला कळली असं वाटतच नाही. ते फूल मी वहीत दाबून ठेवलं होतं. वर्गात वही उघडली, फूल हातोहात फिरवलं, "पाहा रे, असा पळस आपल्या नाल्यावर आहे, कोण म्हणतं आपल्या गावात पाहण्यासारखं काही नाही!" पोरांचे डोळे एवढे मोठे झाले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. त्या आनंदाची मला आता शिसारी येते.

बारा दिवस लागले. तुम्ही मला बोलावलं नाहीत, मीच ऐकून धावले. झाडाची साल माणसाच्या उंचीपर्यंत सोललेली, खालून पांढरं लाकूड उघडं. मुळाशी कमरेएवढा खड्डा. खड्ड्यात लिंबं, हळदकुंकू, काळ्या कोंबडीची पिसं. धन काही निघालं नव्हतं, ते कधीच निघत नाही. तुम्ही खड्ड्याच्या काठावर बसून हातांनी माती आत लोटत होता. मला पाहून म्हणालात, "तुमचं काई चुकलं नाई बाई. तुमी त शिकवलं." अहो, एक शिवी तरी द्यायची होती! बाई, तुमच्या जिभेला हाड नाही, एवढं तरी म्हणायचं होतं. तुम्ही म्हणाला नाहीत आणि मी ते आजवर गिळते आहे. तीन वर्षं तुम्ही फुलांचं पोतं आणलंत, अंगणात टाकलंत आणि चहा न घेता गेलात.

मग एका संध्याकाळी तुम्ही घरी आलात. गुडघे गेले होते, पायरी चढताना भिंत धरलीत. आमच्या ह्यांच्यासमोर काही बोलला नाहीत, बाहेर आल्यावर म्हणालात, "बाई, अजून एक हाये. माह्याच्यानं आता वर हात होत नाई."

मी म्हटलं, "मले काऊन सांगता? माह्या तोंडानं एक मारलं."

"म्हनून त सांगून राह्यलो. तुमाले मालूम आहे मरते कसं थे."

तुमच्या दोन मुलांना सांगितलं नाहीत, भाबींना सांगितलं नाहीत, मला सांगितलंत. यासाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आता मानते. झाड कुठे आहे ते मात्र इथे लिहीत नाही. सोनाळ्याच्या उत्तरेला डोंगर आहे म्हणून कुणी तिकडे पाहू नये, दक्षिणेलाही पळस पुष्कळ आहेत.

पाच माघ आपण बरोबर गेलो. बांबू मी धरायची, तुम्ही खालून दाखवायचा, "थे पाहा, थे राह्यली, मागच्या फांदीवर." आणि दरवर्षी त्याच झाडाखाली आपलं तेच भांडण. मी म्हणायची, याला एकदा फुलू द्या, शेंग धरू द्या. बी पडलं नाही तर हे म्हातारं झाड मेल्यावर मागे काय राहील? राखता राखता आपणच त्याचा वंश बुडवून राहिलो. तुम्ही म्हणायचा, झाड राहिलं तर फूल कधीही येईल. मी विचारायची, कधीही म्हणजे कधी? तुमच्या हयातीत का माझ्या? तुम्ही चिडायचा. "बाई, तुमाले फूल पाह्याची हौस हाये. मले झाड पाह्याची हौस हाये." मीही चिडायची, विळा जरा जास्तच जोराने ओढायची. घरी येताना आपण दहा हात अंतर ठेवून चालायचो आणि फाट्यावर आल्यावर तुम्ही शेंगदाणे घ्यायचा, अर्धे मला द्यायचा. मागच्या माघात तुम्ही म्हणालात, "पुढच्या साली एक फांदी ठेवू. मंधातली. बाहीरून दिसत नाई थे." मी म्हटलं, नक्की ना? तुम्ही म्हणालात, "पाहू." ते पाहू तसंच राहिलं.

तुमच्या चाळिसाव्याला मी आले होते. बाहेर मांडवात एक विशीचा पोरगा येऊन माझ्या पाया पडला. "बाई, वयखलं का? प्रल्हाद. पाचवीत होतो तुमच्याजवळ. हरभरा पळसाचा जवाई!" मला हसू आलं, भरूनही आलं. मग तो खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "थे पांढरं फूल माह्या हातात दिलं होतं तुमी. मी आजलोक नाई विसरलो."

तो पुढे गोडच बोलत होता. चाचा दर माघात बांबू अन् रिकामं पोतं घेऊन कुठी जात, आमाले मालूम नाई असं नका समजू. आमी त्याहीच्या मागं गेलो नाई, म्हातारा मानूस, इज्जत ठेवली. आता चाचा नाई. आता कोन जाईल बाई? एवढं विचारून तो ताटावर बसायला गेला. पलीकडे त्याची मोटरसायकल होती, तिच्यावर दोन अनोळखी माणसं बसलेली होती आणि त्यांच्यापैकी कुणी जेवायला उठलं नाही.

घरी येताना मी वाटेतल्या पळसांकडे पाहिलं. कळ्या आल्या होत्या.

तेव्हा मला माझी गत कळली, शब्बीरभाई. गेले तर ही माणसं माझ्या मागून येणार. न गेले तर पंधरा दिवसांत झाड फुलणार, आणि केशरी शिवारात ते पांढरं कोसभरावरून दिसणार. दोन्हीकडून झाड जातं. तुम्ही काय केलं असतं, मी पुष्कळ विचार केला. तुमच्यावर ही वेळच आली नसती, कारण तुम्ही पाचवीच्या वर्गात फूल फिरवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांबू घेऊन निघाले, सगळ्यांदेखत, बसस्टँडवरून. आणि जो पहिला पळस लागला त्याच्या कळ्या पाडल्या. मग दुसऱ्याच्या. मग बांधावरच्या चारांच्या. दिवस मावळेपर्यंत जेवढे झाले तेवढे केले, परत दुसऱ्या दिवशी तेच. सगळेच पळस मुके केले तर त्यातला मुका कोणता हे कुणाला कळणार नाही, एवढीच माझी अक्कल. हात काळे झाले, मान वर करून करून दुखायला लागली. आमचे हे म्हणाले, "हे काय चालवलं? लोक हसून राह्यले." मी म्हटलं, हसू द्या. लोक नुसते हसत नव्हते. बाया मला पाहून लेकरांना घरात घेत होत्या. "बाईले लागीर झालं," "थो मेला अन् त्यानं हिले धरलं," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ज्या पोरांच्या आयांना मी अक्षर शिकवलं त्या हे बोलत होत्या. आपलं झाड चौथ्या दिवशी आलं. त्याला मी बाकीच्यांएवढाच वेळ दिला, त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. मधली फांदीसुद्धा सोडली नाही. तिथे हात क्षणभर थांबला होता, पण समोर बांधावर मोटरसायकल उभी होती.

सातव्या दिवशी प्रल्हाद चालत आला. एकटा. मी गायरानातल्या मोठ्या पळसाखाली टेकले होते, कळ्या पाडून झाल्या होत्या. हा तोच, ज्याच्या सावलीत आपण पोरांची सहल न्यायचो, तुम्ही त्यांना पानांचे द्रोण करायला शिकवायचा. त्याने मला पाण्याची बाटली दिली. मी प्यायले. मग तो म्हणाला, "बाई, तुमी असे हजार झाडं करसान त आमी हजाराईले खोदू. जेसीबी आहे आपल्याजवळ. तुमी एक सांगा, बाकीचे वाचतीन."

मी म्हटलं, "प्रल्हाद, काही नसतं रे बाबा त्याच्याखाली. मी शिकवलं ना तुला."

"हाव बाई," तो म्हणाला. "शिकवलं. आता सांगा."

तो दरडावत नव्हता. वर्गात उत्तर येत नसलं की जसा माझ्या तोंडाकडे पाहायचा, तसाच पाहत होता. मला भीती वाटली शब्बीरभाई, खोटं कशाला बोलू. आणि त्या भीतीतही डोकं चाललं. या झाडालाही आता कळी नाही. हा लाल की पांढरा, हे आता कुणालाच ठरवता येणार नाही. पाठ ज्याला टेकली होती त्या बुंध्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

तो माझ्या पाया पडला आणि गेला.

दोन दिवसांनी सकाळी मी गायरानात गेले. जेसीबीने बुंध्याभोवती पुरुषभर खोल खणलं होतं. झाड आडवं झालं होतं, मुळ्या वर. सालीची लांब लांब चिरफळं निघाली होती आणि ओल्या जखमेतून लाल डिंक गळत होता, तोच जो तुम्ही बाळंतिणींना द्यायचा. लिंबं होती, पिसं होती. गुराखी लांब उभे राहून पाहत होते. एका फांदीच्या पार टोकाला माझ्या हातून सुटलेला कळ्यांचा एक झुपका होता. झाड पडल्यावरही त्यातल्या दोन कळ्या उमलल्या होत्या. केशरी.

मी ती दोन्ही फुलं तोडून, चुरगाळून, कमरेला खोचली. कुणी पाहायच्या आत. ते मरतानाही आपण कोण ते सांगत होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

पहिलं झाड माझ्या बडबडीने मेलं, ती चूक होती, तुम्ही माफ केलीत. हे मी निवडून दिलं. त्याचा काय गुन्हा होता, शब्बीरभाई? ते पांढरं नव्हतं, एवढाच? तुम्ही असता तर म्हणाला असता का, तुमचं काई चुकलं नाई बाई? मला नाही वाटत. मला वाटतं यावेळी तुम्ही शिवी दिली असती.

प्रल्हाद परत येईल. त्याला काही सापडलं नाही, म्हणजे तो परत येईल आणि मला दुसरं झाड विचारेल. आणि मी देईन. मला आता ते जमतं.

तुमचं झाड उभं आहे. त्या चौथ्या दिवसानंतर मी त्याच्याकडे गेलेले नाही.